पूर, भूकंप, वणवा: उपग्रहाच्या चित्रावरून मदतीचा नकाशा कसा बनवायचा

उपग्रहाचं चित्र हाती आलं की नवखा माणूस आधी ते उघडतो, रंग बदलून बघतो आणि मग विचारात पडतो, आता यातून काय काढायचं? हा क्रम उलटा आहे. आधी प्रश्न, मग चित्र. बचावपथकाला देखणा नकाशा नको असतो. अमुक गावाचा रस्ता चालू आहे का, बोट कुठून सोडायची, तंबू कुठे ठोकायचे, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. सहा तासांत मिळालेलं ओबडधोबड उत्तर चार दिवसांनी मिळालेल्या सुबक उत्तरापेक्षा जास्त कामाचं, पण एका अटीवर: चित्रात काय दिसलं नाही तेही त्यात लिहिलेलं हवं.

खालच्या पायऱ्या मुख्यतः पुरासाठी आहेत, कारण पुरासाठी लागणारी चित्रं फुकट मिळतात आणि पद्धतही एकदा हाताला बसली की पुन्हा पुन्हा वापरता येते. भूकंप आणि वणव्यात काम कुठे बदलतं ते पुढे वेगळं दिलं आहे. साधनं फार लागत नाहीत. किमान १६ जीबी रॅमचा संगणक, नकाशाकामासाठी क्यूजीआयएस आणि रडारची चित्रं शिजवण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप. दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. संगणक दुबळा पण इंटरनेट बरं असेल तर गूगल अर्थ इंजिनवर बहुतेक काम ब्राउझरमध्येच होतं.

पायरी १: प्रश्न कागदावर लिहा

चार गोष्टी लिहून काढा: काय घडलं, कुठे, कधी आणि उत्तर कोणाला हवं आहे. 'कुठे' म्हणजे जिल्ह्याचं नाव नव्हे, तर अक्षांश-रेखांशाची चौकट. चौकट जितकी लहान तितकं काम लवकर उरकतं. 'कधी' लिहिताना वेळ यूटीसीमध्येही (ग्रीनिचवर आधारलेली जागतिक प्रमाणवेळ) लिहा, कारण चित्रांच्या फाइलनावात तीच असते. ग्रीनिचच्या पूर्वेकडच्या देशांत पहाटेच्या फेरीवर यूटीसीप्रमाणे आदल्या दिवसाची तारीख पडू शकते. एवढ्याशा चुकीमुळे पुराआधीचं चित्र 'पुरानंतरचं' म्हणून वापरलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

मग स्वतःला विचारा, हव्या त्या गोष्टीचा आकार केवढा आहे? अंदाजासाठी साधा नियम असा की वस्तूच्या अरुंद बाजूत किमान तीन पिक्सेल बसले पाहिजेत. १० मीटर पिक्सेलच्या चित्रात (म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन) ६ मीटर रुंद रस्ता बंद आहे की चालू, हे सांगता येत नाही. त्याच रस्त्यावर ५० मीटर रुंद दरड कोसळली असेल तर ती दिसेल. घर पडलं का, हे बघायला अर्धा मीटर किंवा त्याहून बारीक पिक्सेल लागतो. प्रश्नाला पुरेल असं चित्र उपलब्ध नसेल, तर ते पहिल्याच तासात सांगून टाका. उगाच आशा लावून ठेवण्यात समोरच्याचं नुकसान आहे.

पायरी २: हे काम आधीच कोणी केलंय का?

मोठ्या आपत्तीत बहुधा केलेलं असतं. 'इंटरनॅशनल चार्टर: स्पेस अँड मेजर डिझास्टर्स' ही व्यवस्था नोव्हेंबर २००० पासून चालू आहे. तिच्यामार्फत अनेक देशांच्या अवकाश संस्था आपत्तीच्या वेळी चित्रं विनामूल्य देतात. ती जागवण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच असतो, व्यक्तीला नाही. सामान्यतः देशाच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत ही विनंती जाते. तयार झालेले नकाशे मात्र चार्टरच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. युरोपीय कोपर्निकस कार्यक्रमाची जलद नकाशा सेवा २०१२ पासून असंच काम करते. पुरासाठी त्याच कार्यक्रमाची 'ग्लोबल फ्लड मॉनिटरिंग' सेवाही आहे. ती सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रत्येक नव्या चित्रातून पाण्याचा थर आपोआप काढते. तो थर तुमच्या भागात आधी उघडून बघा. तो चांगला असेल तर पुन्हा तेच दळण दळण्यापेक्षा त्यावर गावं, रस्ते आणि शाळा चढवण्यात वेळ घालवा.

पायरी ३: चित्र निवडा

पूर आणि ढग एकत्रच येतात. म्हणून पहिली निवड रडारची. रडार स्वतः लहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं, त्यामुळे त्याला उजेड लागत नाही आणि ढग आड येत नाहीत. सेंटिनेल-१ चं रडार सी पट्ट्यात, सुमारे ५.६ सेंटिमीटर तरंगलांबीवर चालतं. त्याच्या नेहमीच्या पद्धतीत एका फेरीत २५० किलोमीटर रुंद पट्टा टिपला जातो आणि चित्राचा पिक्सेल १० मीटरचा मिळतो. एक उपग्रह त्याच कक्षेवर १२ दिवसांनी परततो. दोन असतील तर हे अंतर ६ दिवसांवर येतं. सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागी १सी गेला तो डिसेंबर २०२४ मध्ये. त्या तीन वर्षांत अनेक भागांना एकाच उपग्रहावर भागवावं लागलं. जुन्या पुराचा अभ्यास करताना चित्रं विरळ दिसली तर त्याचं कारण हे आहे.

आकाश मोकळं असेल तर सेंटिनेल-२ हा प्रकाशीय उपग्रह: १३ पट्टे (प्रकाशाच्या तरंगलांबीचे भाग), १० ते ६० मीटर पिक्सेल, २९० किलोमीटर रुंदी, विषुववृत्तावर साधारण ५ दिवसांनी फेरी. लँडसॅट ८ आणि ९ मिळून ८ दिवसांनी येतात, ३० मीटर पिक्सेलने. रोजचं चित्र हवं असेल तर मोडिस आणि व्हीआयआयआरएस हे उपग्रहांवरचे संवेदक, पण त्यांचा पिक्सेल २५० मीटरच्या पुढचा. फार मोठ्या नदीच्या खोऱ्यासाठी ते पुरतात, गावासाठी नाही.

सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस डेटा स्पेसवर मिळतात, लँडसॅटची अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोररवर. दोन्हीकडे खातं उघडावं लागतं, ते आज उघडून ठेवा. आपत्तीच्या रात्री पासवर्डच्या ईमेलची वाट बघत बसणं परवडत नाही.

आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: तुलनेसाठी पुराआधीचं चित्र. रडारमध्ये दोन्ही चित्रं एकाच सापेक्ष कक्षेची (ठरावीक काळाने पुन्हा येणारा तोच मार्ग), एकाच दिशेच्या फेरीची आणि एकाच ध्रुवीकरणाची (लहर उभी कंपते की आडवी) हवीत. चढत्या फेरीत उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, उतरत्या फेरीत उलट. सेंटिनेल-१ चं रडार तिरकं आणि नेहमी आपल्या उजवीकडे बघतं, म्हणून फेरी बदलली की डोंगराची उजळ बाजू बदलते आणि नुसत्या उतारावर 'बदल' दिसू लागतो. ऋतूही जुळवा. कडक उन्हाळ्यातलं कोरडं शेत आणि पावसाळ्यातलं भिजलेलं शेत यांचे प्रतिध्वनी पूर नसतानाही वेगळे येतात. एकाऐवजी तीन-चार जुनी चित्रं घेऊन त्यांचा मध्यक वापरला तर आणखी बरं.

पायरी ४: रडारचं चित्र शिजवा

जीआरडी प्रकारची फाइल घ्या (तिच्यात फक्त प्रतिध्वनीची तीव्रता असते). एका फाइलचं वजन साधारण १ जीबी असतं. स्नॅपमध्ये क्रम असा ठेवा.

१. कक्षेची फाइल लावा. अचूक कक्षेच्या फाइल्स सुमारे २० दिवसांनी तयार होतात. सॉफ्टवेअर मुळात तीच मागतं आणि ताज्या चित्रावर अडकतं. तिथे 'रेस्टिट्यूटेड' हा पर्याय निवडा. या फाइल्स काही तासांत मिळतात आणि १० मीटर पिक्सेलच्या कामाला पुरतात.

२. आपल्या चौकटीपुरता भाग कापा. ही पायरी टाळली तर पुढची प्रत्येक क्रिया पूर्ण चित्रावर चालते आणि रॅम संपते.

३. उष्णताजन्य गोंगाट काढा. व्हीएच ध्रुवीकरणात (उभी लहर पाठवून आडवी मोजणं) हे विशेष गरजेचं आहे, नाहीतर उभे पट्टे राहतात आणि पाण्यासारखे दिसतात.

४. कॅलिब्रेशन करून सिग्मा नॉट, म्हणजे जमिनीने परत पाठवलेल्या प्रतिध्वनीचं प्रमाण, ही किंमत मिळवा. डेसिबलमध्ये रूपांतर अजून नको.

५. ठिपक्यांचा गोंगाट कमी करा. ली गाळणी, ५×५ किंवा ७×७ खिडकी. खिडकी मोठी केली की चित्र गुळगुळीत दिसतं, पण अरुंद ओढे गायब होतात.

६. भूरूपानुसार दुरुस्ती करा, म्हणजे चित्र नकाशावर बसेल. उंचीच्या माहितीसाठी कोपर्निकसचं ३० मीटर प्रारूप चालतं. सॉफ्टवेअर ते स्वतः उतरवून घेतं, पण सर्व्हर बंद असला तर सगळं काम तिथेच थांबतं. आपल्या भागाची उंचीची फाइल आधीच डिस्कवर ठेवा.

७. शेवटी डेसिबल. सूत्र: १० × लॉग (सिग्मा नॉट).

या क्रियांची साखळी एकदा जुळवून जतन केली की दुसऱ्या चित्राला फक्त फाइलचं नाव बदलावं लागतं. दोन्ही चित्रांवर तंतोतंत तीच साखळी चालवा. एकाला ५×५ आणि दुसऱ्याला ७×७ लावली तर फरक पुराचा की गाळणीचा, हे कळणार नाही.

अर्थ इंजिन वापरणाऱ्यांसाठी: तिथलं सेंटिनेल-१ आधीच कॅलिब्रेट केलेलं, नकाशावर बसवलेलं आणि डेसिबलमध्ये असतं. ठिपके मात्र तसेच असतात. गाळणी किंवा सरासरी डेसिबलवर चालवू नका. आधी मूळ पटीत आणा, काम करा, मग पुन्हा डेसिबल. डेसिबलची सरासरी ही मूळ ऊर्जेची सरासरी नसते.

पायरी ५: पाणी आणि जमीन वेगळी करा

शांत पाणी रडारला आरशासारखं असतं. लहर पुढे निघून जाते, परत फारसं काही येत नाही आणि पाणी काळं दिसतं. व्हीव्हीमध्ये (उभी लहर पाठवून उभीच मोजणं) शांत पाणी बहुधा −१५ ते −१८ डेसिबलच्या खाली, व्हीएचमध्ये −२० ते −२४ च्या खाली सापडतं. हे आकडे फक्त सुरुवातीला धरायचे, जसेच्या तसे उचलायचे नाहीत. आपल्या चित्राचा आयतालेख (कोणत्या किमतीचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख) काढा. पाण्याची एक टेकडी, जमिनीची दुसरी, आणि मधली दरी हा तुमचा उंबरठा.

दरी दिसतच नसेल तर? चौकटीत पाणी फार कमी असलं की एकच टेकडी दिसते. अशा वेळी ओत्सूसारखी उंबरठा आपोआप ठरवणारी पद्धत जमिनीची टेकडीच मधोमध कापते आणि अर्धा जिल्हा पाण्याखाली दाखवते. उपाय सोपा आहे. नदी किंवा तलावाभोवती लहान चौकट कापा, जिच्यात पाणी आणि जमीन दोन्ही भरपूर असतील. उंबरठा तिथे काढा आणि मोठ्या चित्राला लावा.

दुसरी वाट फरकाची. नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करा (दोन्ही डेसिबलमध्ये). −३ डेसिबल म्हणजे प्रतिध्वनी निम्म्यावर आला. −३ च्या खाली गेलेला आणि नंतरच्या चित्रात काळा असलेला पिक्सेल हा नव्या पाण्याचा चांगला उमेदवार. दोन्ही अटी एकत्र लावल्या की केवळ नांगरटीमुळे किंवा कापणीमुळे बदललेली बरीच शेतं बाहेर पडतात.

पायरी ६: खोटं पाणी काढा, लपलेलं पाणी ओळखा

नकाशा खरा की फसवा, ते इथे ठरतं. घाई असली तरी इथे हात आखडता घेऊ नका.

खोटं पाणी म्हणजे जे काळं दिसतं पण पाणी नाही: डोंगराची रडार-सावली, कोरडी वाळू, विमानतळाची धावपट्टी, रुंद डांबरी पृष्ठभाग, ओला बर्फ. ५ अंशांहून जास्त उताराचे पिक्सेल काढून टाका. जवळच्या प्रवाहापासून १५ मीटरहून उंच असलेली जमीनही काढा. त्या उंचीचा तयार थर 'हँड' या नावाने मिळतो. मात्र डोंगरातल्या अरुंद दरीत हा नियम जरा सैल ठेवा. नेहमीचं पाणी काढायला युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जागतिक भूपृष्ठजल थर वापरा. वर्षात १० किंवा अधिक महिने पाणी असलेली जागा कायमची धरा. भाताच्या खाचरांत मुद्दाम साठवलेलं पाणी खरंच पाणी असतं, पण तो पूर नव्हे. ते ओळखायला आधीच्या वर्षीचं त्याच आठवड्यातलं चित्र लागतं. शेवटी ८ पिक्सेलपेक्षा लहान सुटे तुकडे पुसून टाका.

लपलेलं पाणी जास्त घातक, कारण ते नकाशावर 'कोरडी जमीन' बनून बसतं. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि व्हीव्हीमध्ये पाणी उजळ होतं. अशा वेळी व्हीएच बघा, त्यावर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. झाडांखाली पाणी असेल तर लहर पाण्यावर आपटून खोडावर जाते आणि तिथून परत फिरते, म्हणून पूर आलेलं जंगल आधीपेक्षा उजळ दिसू शकतं. सी पट्ट्याची लहर दाट पानांतच अडकते. एल पट्ट्याची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर आत शिरते. अलॉस-२ आणि जुलै २०२५ मध्ये गेलेला निसार हे त्या पट्ट्यातले उपग्रह. आणि शहर! भिंत आणि जमीन यांच्यात लहर दोनदा आपटते, त्यामुळे वस्ती कोरडी असो वा कंबरभर पाण्यात, उजळच दिसते. साध्या उंबरठ्याने केलेला नकाशा नेमकी दाट वस्ती कोरडी दाखवतो, आणि माणसं तर तिथेच असतात. म्हणून वस्तीचा थर चढवून तिच्यावर वेगळी रेघोटी मारा आणि सूचीत लिहा: 'या भागातलं पाणी या पद्धतीने ओळखता येत नाही'.

वेळेचाही सापळा आहे. सेंटिनेल-१ साधारण स्थानिक सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास जातो. पुराचा कळस मध्यरात्री येऊन गेला असेल तर चित्रात ओसरणारं पाणी दिसतं. तुमचा नकाशा म्हणजे त्या मिनिटाचं पाणी, कमाल पूररेषा नव्हे. अचानक आलेल्या लोंढ्यात तर पाणी शोधण्यातच अर्थ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या देर्ना शहराच्या वरच्या अंगाची धरणं फुटली, लोंढा शहरातून समुद्रात गेला आणि मागे उरला तो चिखल आणि जिथे इमारती होत्या त्या मोकळ्या जागा. तिथे पाण्याचा थर नव्हे, तर बारीक पिक्सेलच्या प्रकाशीय चित्रावर आधी-नंतर तुलना कामाला येते.

आकाश मोकळं असेल तर

सेंटिनेल-२ वर काम झटपट होतं. पाण्यासाठी (हिरवा − जवळचा अवरक्त) ÷ (हिरवा + जवळचा अवरक्त) हा निर्देशांक काढा, म्हणजे पट्टे ३ आणि ८. वस्तीजवळ आठव्याऐवजी ११ वा, लघुतरंग अवरक्त पट्टा घ्या. छपरं पाण्यात मिसळणं त्याने कमी होतं, पण तो पट्टा २० मीटरचा आहे. उंबरठा शून्यापासून सुरू करा. गढूळ पाण्यात तो थोडा खाली आणावा लागतो. ढगांची सावली हा इथला मोठा चोर. ती काळी असते, कडा गुळगुळीत असतात आणि निर्देशांक तिला पाणी म्हणून मोकळा होतो. चित्रासोबत येणाऱ्या वर्गीकरण थरात सावलीचा क्रमांक ३ आणि ढगांचे ८, ९, १० असतात. ते झाकून टाका, पण पूर्ण भरवसा ठेवू नका.

आणखी एक खोच आहे, ती अनुभवी लोकांनाही गाठते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या किमतींत १००० ची भर घालून फाइल दिली जाते. म्हणजे परावर्तन काढताना आधी १००० वजा करायचे आणि मग १०,००० ने भागायचं. आधीचं चित्र त्या तारखेपूर्वीचं आणि नंतरचं नव्या पद्धतीचं असेल, तर सगळ्या निर्देशांकांत खोटा बदल दिसतो. अर्थ इंजिनवर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घेतला की ही डोकेदुखी जाते.

भूकंपात काय बदलतं

इथे १० मीटरचं चित्र जवळजवळ निरुपयोगी. ३० ते ५० सेंटिमीटर पिक्सेलची व्यावसायिक चित्रं लागतात. काही कंपन्या मोठ्या आपत्तीत ती खुली करतात, तरी परवान्यात बिगरव्यावसायिक वापराची अट असू शकते. ती वाचा.

काम डोळ्यांनीच करायचं. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवा, वस्तीवर १०० मीटरची जाळी टाका आणि एकेक चौकोन संपवत जा. जाळीशिवाय नजर नाट्यमय पडझडीकडेच धावते आणि शांत गल्ल्या राहून जातात. खुणा अशा: छपराची कड वाकडी होणं, इमारतीभोवती फिकट ढिगारा, सावलीचा आकार बदलणं, रस्ता मध्येच अदृश्य होणं, मैदानात तंबू उगवणं. चार वर्ग पुरेत: उद्ध्वस्त, नुकसान झालेली, बहुधा नुकसान झालेली, दिसण्याजोगं नुकसान नाही. शेवटच्या वर्गाचं नाव बदलून 'सुरक्षित' असं कधीही करू नका. भूकंपातल्या नुकसानीच्या युरोपीय श्रेणीत ५ पायऱ्या आहेत. वरून भरवशाने दिसतात त्या चौथी आणि पाचवी. भिंतींच्या भेगा उपग्रहाला दिसत नाहीत. सगळ्यांत फसवी पडझड म्हणजे मजल्यावर मजला बसणं. खालचा मजला चेपला जातो, छप्पर शाबूत राहतं आणि वरून घर ठीक दिसतं. सावलीची लांबी आधीपेक्षा कमी झाली आहे का बघा, पण दोन्ही चित्रांतली सूर्याची उंची वेगळी असते हे ध्यानात घेऊन. शेजारच्या धड इमारतीच्या सावलीशी गुणोत्तर काढणं त्यातल्या त्यात बरं.

उपग्रह तिरका बघत असेल तर उंच इमारती एका बाजूला झुकलेल्या दिसतात आणि दोन चित्रांत झुकाव वेगवेगळा असतो. त्यामुळे इमारतीची बाह्यरेषा जमिनीला टेकते तिथे जुळवा, छपरावर नाही. चित्र आणि रस्त्यांचा थर यांत ५-१० मीटरची सरक नेहमीची. चार चौकांवर ती मोजून चित्र सरकवा. थर सरकवलात तर पुढे दुसऱ्याच्या कामाशी जुळणार नाही.

धक्क्यांचा क्रमही तपासा. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि १२ मेला ७.३ चा. मधल्या दिवसांच्या चित्रावर केलेली मोजणी दुसऱ्या धक्क्यानंतर शिळी ठरते. नकाशावर चित्राची वेळ ठळक असेल तरच हे वाचणाऱ्याला कळतं.

पडझड मोजण्याइतकंच रस्ते काढण्याचं कामही मोलाचं असतं, आणि नवख्याला तेच आधी जमतं. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी चित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर काढले आणि मदतपथकांनी ते वापरले. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमच्या व्यवस्थेत असं काम चौकोनांत वाटून दिलं जातं. एक काढतो, दुसरा तपासतो.

वणवा आणि दरड, थोडक्यात

जळती आग बघायला नासाची फर्म्स सेवा. तिथला ठिपका म्हणजे आगीची हद्द नव्हे, तर ३७५ मीटर किंवा १ किलोमीटरच्या पिक्सेलचा मध्यबिंदू. त्या पिक्सेलमध्ये कुठेतरी उष्णता आहे, एवढाच त्याचा अर्थ. दाट ढगाखालची आग दिसत नाही. आग विझल्यावर जळीत मोजायला सेंटिनेल-२ चे ८ए आणि १२ हे पट्टे घ्या, दोघांची वजाबाकी भागिले बेरीज काढा आणि आधीच्या उत्तरातून नंतरचं वजा करा. ०.१ च्या खाली जळीत नाही असं धरतात, ०.२७ पर्यंत सौम्य, ०.६६ च्या वर तीव्र. गवताळ भागात हे आकडे बसत नाहीत.

दरडीसाठी हिरवाईचा निर्देशांक एकदम घसरलेल्या जागा काढा आणि त्यातून सपाट जमीन वगळा. उरलेल्यांत नुकतीच कापणी झालेली उताराची शेतं असतात. दरड उताराच्या दिशेने लांबट असते आणि खाली पंख्यासारखी पसरते, शेताला सरळ बांध असतात. नदीत उतरलेली दरड दिसली तर तिच्या वरच्या अंगाला पाणी तुंबतंय का, ते त्याच मिनिटाला बघा आणि फोनवर कळवा. नकाशा नंतर.

पायरी ७: पडताळणी

वेळ नसला तरी अर्धा तास द्या. नकाशातल्या पाण्यात ५० आणि बाहेर ५० बिंदू यदृच्छेने टाका आणि प्रत्येक जागी मूळ चित्र, दुसरं एखादं चित्र किंवा जागेवरचे फोटो बघून खरं-खोटं लिहा. बाहेरचे आकडे वाचताना जपा. समजा नकाशात १०० चौरस किलोमीटर पाणी आहे आणि बाहेर २००० चौरस किलोमीटर कोरडं. बाहेरच्या ५० पैकी फक्त २ बिंदू पाण्यात निघाले. ४ टक्के चूक, वाटतं किरकोळ. पण २००० चे ४ टक्के म्हणजे ८० चौरस किलोमीटर, जवळजवळ दाखवलेल्या पुराइतकंच पाणी सुटलं. म्हणून बाहेरचे निम्मे बिंदू नदीच्या आणि पुराच्या काठाजवळ टाका आणि त्या पट्ट्याचा हिशोब वेगळा ठेवा.

उंबरठा सैल ठेवायचा की कडक, हे वापरणाऱ्यावर आहे. बचावासाठी सैल, कारण जादा दाखवलेल्या गावात बोट जाऊन परत येईल, न दाखवलेल्या गावात जाणारच नाही. नुकसानभरपाईच्या यादीसाठी कडक, आणि तीही जागेवरच्या पाहणीशिवाय वापरू नये.

पायरी ८: क्षेत्रफळ, नकाशा, पाठवणी

क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) तपासा. १० मीटरचा पिक्सेल १०० चौरस मीटर, १०० पिक्सेल म्हणजे १ हेक्टर. पण हे यूटीएमसारख्या प्रक्षेपणात खरं. वेब नकाशांच्या ३८५७ क्रमांकाच्या प्रक्षेपणात मोजलं तर २० अंश अक्षांशावर उत्तर सुमारे १३ टक्क्यांनी फुगतं, ४५ वर दुप्पट, ६० वर चौपट.

नकाशावर एवढं हवंच: चित्राची तारीख आणि वेळ (यूटीसी आणि स्थानिक दोन्ही), उपग्रहाचं नाव, पद्धत एका ओळीत, ढगाखालचा किंवा न तपासलेला भाग वेगळ्या रंगात, मोजपट्टी, अक्षांश-रेखांशाची जाळी, आवृत्ती क्रमांक. सेंटिनेलच्या चित्रांना कोपर्निकसचं श्रेय द्यावं लागतं. रंग दोन-तीनच ठेवा, आणि ते कृष्णधवल प्रिंटमध्येही वेगळे दिसतात का ते छापून बघा. पथकाकडे बहुधा तेच छपाईयंत्र असतं.

पाठवताना तीन गोष्टी: फोनवर उघडेल अशी २ एमबीपेक्षा लहान चित्रफाइल, ए-३ पीडीएफ, आणि नकाशाकाम करणाऱ्यांसाठी जिओपॅकेज किंवा केएमएल. सोबत चार ओळींचा मजकूर: कोणती गावं पाण्यात दिसतात, कोणते रस्ते तुटलेत, कुठे काही सांगता येत नाही, पुढची फेरी कधी. बहुतेक जण हा मजकूरच वाचतात, म्हणून त्यात 'सुमारे' आणि 'नक्की' हे शब्द जपून वापरा. संघर्षाच्या भागातल्या विस्थापितांच्या छावण्यांची नेमकी जागा खुल्या नकाशावर टाकू नका. ती फक्त मागणाऱ्या संस्थेला द्या.

पुढचं चित्र आलं की जुन्या फाइलवरच नवी जतन करू नका. नव्या नकाशाला नवा आवृत्ती क्रमांक द्या, शीर्षकात वेळ बदला आणि 'यापूर्वीची आवृत्ती वापरू नये' ही ओळ सगळ्यांत वर टाका. मग ज्यांना जुना पाठवला होता त्या प्रत्येकाला नवा पाठवा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून पाठवणीची यादी ठेवावी लागते.